न्हाणीतला बुवा

पत्र

बाई, नमस्कार.

मी परभणी जिल्ह्यातल्या एका गावातून लिहिते. एकत्र कुटुंब आहे. मला साडेचार वर्षांचा मुलगा. धाकटे दीर पोलीस भरतीची तयारी करतात, त्यांना रील बनवायचा नाद आहे. दिवाळीत त्यांनी भुताचा रबरी मुखवटा आणला आणि संध्याकाळी लाइट गेल्यावर न्हाणीत दबा धरून बसले. मी पोराला हातपाय धुवायला पाठवलं, तसे ते अंगावर आले. पोरगं किंचाळून उताणं पडलं, चड्डी ओली झाली. सगळे हसले. खरं सांगते, मीही हसले. ती रील गावभर फिरली. आता अंगणवाडीच्या वाटेवर मोठी पोरं त्याला ‘मुत्र्या’ म्हणून चिडवतात.

तेव्हापासून तो न्हाणीकडं फिरकत नाही. संडासला दोन-दोन दिवस जात नाही. रात्री दचकून उठतो. अंथरूण ओलं करणं वर्षापूर्वी बंद झालं होतं, ते पुन्हा सुरू झालंय. सासूबाई म्हणतात बाहेरचं काहीतरी लागलंय. त्यांनी अंगारा लावला, ताईत बांधला. मालक म्हणतात, “पोरगं वाघ झालं पाहिजे. आम्हालाबी असंच भेव दाखवायचे, काय झालं आमाला?” दीर मनानं वाईट नाहीत, पोरावर त्यांचा जीव आहे. पण परवा म्हणाले, “वहिनी, पार्ट टू करू.” तसं जेवत नसला की ‘बुवा येईल’ असं आपण सगळेच म्हणतो. मग मी उगाच बाऊ करते का? आणि तो ताईत काढू की राहू देऊ?

— एक आई

उत्तर

ताई,

‘खरं सांगते, मीही हसले’ हे वाक्य लिहायला तुम्हाला जड गेलं असणार. तसंच एक हसू माझ्याही नावावर आहे. ते आधी सांगते.

१९९३ ची गोष्ट. माझं सासर औसा तालुक्यातलं. गणपती बोळवून लोक झोपले होते आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीच्या पट्ट्यात जमीन हलली. दगडमातीच्या भिंती, वर माळवदाचं ओझं. जवळपास १० हजार माणसं त्याखाली गेली. आमचं गाव जरा लांब होतं, भिंतींना भेगा पडल्या, पण माणसं वाचली. तरी पुढं कितीतरी आठवडे घरात झोपायची कुणाची छाती होईना. अंगणात खाटा आणि वर ताडपत्री. माझे धाकटे दीर तेव्हा विशीतले होते. ट्रॅक्टरवर बसून ते किल्लारीकडं गेले आणि दोन दिवस हातानं ढिगारे उपसून आले. आल्यावर कुणाशी धड बोलले नाहीत. महिन्याभरानं एका रात्री ते माझ्या पाच वर्षांच्या पुतण्याच्या खाटेखाली शिरले, खाट गदागदा हलवली आणि ओरडले, “भूकंप आला रं, पळ!” पोरगं जे पळत सुटलं ते थेट वेशीपर्यंत. सगळी आळी हसली. महिनाभर हसायला काही मिळालं नव्हतं, हेही खरं.

चौथीत जाईस्तोवर तो पोरगा खाटेवर झोपला नाही. उंबऱ्याशी सतरंजीवर, एक पाय बाहेर टाकून झोपायचा. आता चाळिशीकडं झुकलाय, पुण्यात नोकरी करतो. मध्ये एकदा विषय निघाला तर म्हणाला, “काकू, खाट हलल्याचं मला आठवतच नाही. कंदील हलत होता, तेवढं आठवतंय.” कंदील माझ्या हातात होता. मी हसत होते म्हणून तो हलत होता.

तेव्हा तुमच्या दिरांना मी राक्षस ठरवणार नाही. माझ्या दिरांच्या पोटात तेव्हा केवढं भेव साचलं असेल, हे मला फार उशिरा कळलं. पण तुम्ही बाऊ करत नाही आहात. पोराला झालेला त्रास खरा आहे, आणि त्याच्या खुणा तुम्हीच पत्रात लिहिल्यात.

लेकराला कधी घाबरवूच नये, असं मात्र मी म्हणणार नाही. पदराआडून ‘कूऽक’ केल्यावर बाळ खिदळतं, त्यात चिमूटभर भीती असतेच. मामानं वर फेकून झेललं की पोरं श्वास धरतात आणि खाली येताच “आणखी एकदा” म्हणतात. मी २६ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीचा वर्ग घेतला. पावसाळ्यात आभाळ भरून वर्गात अंधारलं की पोरं स्वतःहून मागं लागायची, “बाई, भुताची सांगा.” गोष्टीतला मुंजा पिंपळावरून उतरायला लागला की एकमेकांना चिकटून बसायची. मग एखादी म्हणायची, “बाई, त्याला परत वर पाठवा.” मी पाठवायचे. तो मुंजा पोरांच्या हुकमातला होता. त्याला कधी आणायचं आणि कधी घालवायचं ते पोरंच ठरवायची. तुमच्या न्हाणीतल्या बुवाला कुणी बोलावलं नव्हतं आणि त्याला परत पाठवायची सोयही पोराच्या हाती नव्हती. गुदगुल्यांचंही असंच असतं. पोरगं ‘बास’ म्हणाल्यावरही चालू राहिल्या की हसू तोंडावर राहतं आणि डोळ्यांत पाणी येतं.

दीर म्हणतील, “अगं वहिनी, मुखवटा काढून दाखवला की लगेच! काकाच आहे म्हणून कळलं त्याला.” कळलं असेल का? १९६९ साली रीटा डीव्हरीस या अमेरिकन संशोधक बाईंनी मेनार्ड नावाचं एक शांत मांजर घेतलं. मुलांना आधी ते दाखवलं. मग त्याचं डोकं आडोशाला नेऊन तोंडावर कुत्र्याचा मुखवटा चढवला. शेपटी आणि मागचं अंग सगळा वेळ मुलांच्या डोळ्यांसमोर होतं. पुन्हा समोर आणून विचारलं, आता हा कोण? तीन वर्षांची बरीच मुलं म्हणाली, कुत्रा. सहा वर्षांच्यांना मात्र पक्कं ठाऊक होतं की तोंड बदललं तरी मांजर मांजरच राहतं. तुमचं पोरगं या दोन वयांच्या मधे आहे. त्यात त्यानं मुखवटा चढवताना पाहिलेलाही नाही, अंधार होता आणि बुवा अंगावर आला होता. ‘काकाच तर होता’ हे आपल्याला उघड दिसतं. त्याच्या लेखी काकाचा बुवा झाला, आणि एकदा झाला तो पुन्हा कधीही होऊ शकतो.

मला त्याहून जास्त काळजी त्या हसण्याची वाटते. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. वर्षभराच्या बाळांना काच लावलेल्या मोठ्या टेबलावर रांगायला सोडलं. काच अखंड होती, पण मधे खाली खड्डा आहे असा भास व्हायचा. बाळं कडेला थांबायची आणि समोरच्या आईच्या तोंडाकडं बघायची. आईनं आनंदी चेहरा केला तेव्हा १९ पैकी १४ बाळं काच ओलांडून गेली. आईनं घाबरलेला चेहरा केला तेव्हा १७ पैकी एकही गेलं नाही. पुढं जावं की मागं फिरावं, हे लेकरू आपल्या चेहऱ्यावर वाचतं. आता त्या संध्याकाळी तुमच्या पोरानं काय वाचलं असेल? छातीत धडधडतंय, चड्डी ओली झालीय आणि ज्यांच्याकडं धाव घ्यायची ते सगळे दात काढून उभे. काकांच्या हातात मोबाईल. आता छातीचं खरं मानायचं की चेहऱ्यांचं? चार दिवस अशी गल्लत झाली की लेकरू चेहरे वाचणं सोडून देतं आणि रात्री एकटंच दचकून उठतं.

रीलचं तर विचारूच नका. आमच्या वेळी आळी एकदाच हसली. तुमच्याकडं रोज नवं कुणीतरी हसतं. अमेरिकेत मेरीलँड राज्यात एका जोडप्याचं ‘डॅडीओफाइव्ह’ नावाचं यूट्यूब चॅनल होतं. पोरांची फजिती करायची, ती रडली की शूटिंग करायचं, वर ‘गंमत’ म्हणायचं. २०१७ मध्ये त्यांच्या दोन मुलांचा ताबा गेला आणि मुलांची हेळसांड केल्याबद्दल कोर्टानं आईबापांना पाच वर्षं देखरेखीखाली, म्हणजे प्रोबेशनवर, ठेवलं. जानेवारी २०१९ पासून यूट्यूबच्या नियमांतच आहे की लहान मुलांना तीव्र मानसिक त्रास होईल असे प्रँक चालणार नाहीत. आपल्याकडं २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं ७५ वं कलम आहे. मूल ज्याच्या ताब्यात आहे त्यानं त्याला विनाकारण शारीरिक किंवा मानसिक यातना होतील असं वागवलं, तर ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. एका रीलपायी कुणी दिराला कोर्टात खेचावं असं मी म्हणत नाही. पण पोलीस भरतीवाल्या माणसाच्या कानावर हे कलम घालायला हरकत नाही. अभ्यासही होईल.

पार्ट टू होणार नाही, हे आधी पक्कं करा. ते जेवायच्या पंगतीत, सगळ्यांसमोर बोलू नका. तिथं तरणा माणूस हट्टाला पेटतो. दीर सकाळी पळायचा सराव करून आले की चहा देताना एकट्यात सांगा. ‘तुम्ही त्याचं वाटोळं केलं’ असं म्हणू नका. ‘भाऊजी, तो न्हाणीत जाईना झालाय आणि त्याला तिथं परत न्यायला तुमच्याइतकं जवळचं कुणी नाही,’ असं म्हणा. ते खरंही आहे. मग त्यांनी तीन गोष्टी कराव्यात. पोराच्या डोळ्यांदेखत रील काढून टाकावी, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरली ती परत येणार नाही, ते सोडून द्यावं. चिडवणाऱ्या पोरांना स्वतः बोलावून दम भरावा, त्यांचा दम गावात चालतो. आणि पोरासमोर खाली बसून म्हणावं, “मी तुला भेव दाखवलं, माझं चुकलं.” आपल्या घरांत मोठ्यांनी लहानांची माफी मागायची रीत नाही. माझ्या दिरांनीही मागितली नाही. मी तरी कुठं मागितली?

आता न्हाणी. १९२० मध्ये अमेरिकेत वॉटसन या मानसशास्त्रज्ञानं एका अकरा महिन्यांच्या बाळाला पांढऱ्या उंदराची भीती घातली. बाळानं उंदराकडं हात नेला की मागं लोखंडी दांड्यावर हातोडा हाणायचा. थोड्याच वेळा असं केल्यावर बाळ उंदराला, मग सशाला, मग केसाळ कोटालासुद्धा रडायला लागलं. त्याची ती भीती काढायच्या आधीच बाळाला तिथून नेलं गेलं. असला प्रयोग आज कुणी करू देणार नाही. पण चार वर्षांनी, १९२४ मध्ये, मेरी कव्हर जोन्स या बाईंनी उलटं करून दाखवलं. पीटर नावाचं तीनेक वर्षांचं पोर सशाला भ्यायचं. त्याला आवडीचा खाऊ द्यायचा आणि पिंजऱ्यातला ससा खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला ठेवायचा. रोज थोडा जवळ आणायचा, पीटर कुरकुरला की तिथंच थांबायचं. न भिणारी दुसरी मुलंही बरोबर असायची. शेवटी पीटर सशाला कुरवाळायला लागला.

तुम्हाला तेच करायचंय, फक्त सशाच्या जागी न्हाणी. पहिले काही दिवस अंगणात बादली ठेवून हातपाय धुवा. न्हाणी दिसेल एवढ्या अंतरावर बसून गूळ-शेंगदाणे खा, गप्पा मारा. मग दाराशी. मग दार सताड उघडं, तुम्ही आत, तो उंबऱ्यावर. लाइट गेल्यावरही चालणारा चार्जिंगचा बल्ब तिथं लावून घ्या आणि त्याचं बटण त्याला दाबू द्या. शेजारचं एखादं धीट पोरगं बरोबर असेल तर उत्तम. कुठल्याही टप्प्यावर रडू आलं तर एक पाऊल मागं या. ‘एवढं केलं तरी रडतोय’ असं म्हणू नका. मुखवटा जाळून टाकायची घाई नको. तो डोळ्यांआड ठेवा. पोरगं सावरलं आणि त्यानं स्वतःहून विषय काढला, तर भर दुपारी अंगणात त्याच्या हातात द्या. काकाच्या तोंडावर त्यालाच चढवू दे, त्यालाच काढू दे, शंभरदा. नाही म्हणाला तर राहिलं.

संडासचं दुखणं मात्र नुसत्या मायेवर सोडू नका. लेकरू शी दाबून धरतं, ती घट्ट होते, मग करताना दुखतं आणि दुखतं म्हणून ते आणखी दाबतं. पुढं नकळत चड्डीला लागायला लागतं आणि घरचे समजतात मुद्दाम करतो. वर्षभर थांबलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालं की भीतीबरोबर लघवीचा जंतुसंसर्गही तपासावा लागतो. या आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि काय घडलं ते न लाजता सांगा. ओल्या अंथरुणावरून एक शब्दही बोलू नका, चादर बदला आणि झोपा. महिन्याभरात रात्रीचं दचकणं कमी झालं नाही, तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराच्या डॉक्टरांकडं जा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरवर फुकट बोलता येतं, मराठीतून. मी मास्तरीण आहे, डॉक्टर नाही.

मालकांच्या वाघाचं काय? त्यांच्याशी वाद घालू नका, फक्त एक विचारा. शेतीची थ्री फेज लाइट रात्री आली की ते रात्री-बेरात्री बॅटरी घेऊन पिकाला पाणी द्यायला जात असतील. साप-किरडाचं रान, काळोख. पहिल्यांदा पोरवयात गेले तेव्हा त्यांच्या वडिलांनी काय केलं होतं? बांधाआड लपून अंगावर आले होते का? नाही. पुढं चालले असतील, बॅटरी कुठं मारायची ते दाखवलं असेल, हात धरला असेल. ‘आमाला काय झालं’ याचं उत्तर त्यांना त्या बांधावर सापडेल. जे दाखवलेल्या भेवानं खचले ते असं अभिमानानं सांगत बसत नाहीत, हीही त्यातली एक गोम आहे.

आणि ताई, तुमचा बुवा. जेवत नाही, बुवा येईल. झोपत नाही, पोलीस नेईल. डॉक्टर सुई टोचतील. ज्या पोराला तुम्ही येत्या आठवड्यात डॉक्टरांकडं नेणार आहात, त्याला आजवर डॉक्टरांच्या नावानं किती घास भरवलेत? माझ्या वर्गात एकदा पोतराजाचा मुलगा आला. पहिल्या दिवशी त्याच्या शेजारी कुणी बसेना. घरोघरी ‘पोतराजाला देऊन टाकीन’ ऐकून आलेली पोरं. त्याचा बाप कमरेला चिंध्या बांधून स्वतःच्याच अंगावर आसूड ओढतो, लेकरांवर नाही, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. तो दोन महिने एकटा बसला. शेवटी मीच त्याच्या बाकावर बसायला लागले. तुम्ही बुवा आजपासून बंद केला तर पहिले दोन-चार दिवस पोरगं कमी जेवेल. जेवू दे कमी.

राहिला ताईत. सासूबाईंशी त्यावरून भांडू नका. नातवासाठी त्यांना करता येण्यासारखं तेवढंच होतं, ते त्यांनी केलं. भगताकडं नेऊन धुरीपुढं बसवायची गोष्ट निघाली तर मात्र ठाम नाही म्हणा, भ्यालेल्या लेकराला आणखी भ्यावं लागेल. ‘काही लागलेलं नाही, त्याला दचकवलंय आणि आपण सगळे हसलो’ हे त्यांच्याजवळ एकदा बोला. त्याही त्या संध्याकाळी तिथंच होत्या. ताईत राहू द्या. आंघोळीनंतर दोरा तेवढा कोरडा करत जा, ओला राहिला की मानेला खाज सुटते.

— तुमची बाई